बेचाळीस छातीचं घर

ती. ताईला,

धाकटीचा नमस्कार. साष्टांग घातला असता, पण आमच्याकडे माणसाने आडवं व्हायचं म्हणजे आधी दोन खुर्च्या बाहेर काढाव्या लागतात, तेव्हा उभ्याउभ्याच घे. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? (थांबला नसेल. हल्ली कुणाचंच काही थांबत नाही.) तिकडे सगळं बरं आहे असं मी धरून चालते. बरं नसेल तर आत्ता कळवू नकोस, माझ्याकडे ठेवायला जागा नाही. माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीतच आहे, शेवटच्या दिवशी तूच न्यायला आली होतीस. तेव्हा जोडाक्षरं कुठे पाय मोडून पडलेली दिसली तर उचलून कडेला ठेव आणि पुढे वाच.

फोन का केला नाही म्हणशील. फोन मधल्या खोलीत आहे. आमच्या खोल्या दोनच, पण सासूबाई कुठेही बसल्या की तीच खोली मधली होते. मी हॅलो म्हटलं की यांचा पेचकस हवेत थांबतो आणि सासूबाई श्वास सुद्धा घेत नाहीत, एरवी त्यांचा श्वास खालपर्यंत ऐकू येतो. म्हणून पत्र. यांना सांगितलंय की ताईला ब्लाउजची मापं पाठवतेय. एवढी पानं भरताना बघून म्हणाले, ताई फारच सुटलेली दिसते. मी म्हटलं हो.

तर गोष्ट घराची आहे. तू मागे आमच्याकडे आलीस तेव्हा म्हणाली होतीस, हा जिना आहे की शिक्षा. ती शिक्षा अजून चालू आहे. खाली लाकडाची वखार, वर आम्ही. सकाळी करवत सुरू झाली की ताटल्या फळीवर नाचत नाचत कडेला येतात आणि संध्याकाळपर्यंत भुसा सगळीकडे. अंथरुणात भुसा, चहात भुसा, शिवायला आलेल्या कपड्यांच्या खिशात भुसा. एका गिऱ्हाइकाने विचारलं, बाई, तुम्ही पँट शिवता की तिच्यावर रंधा मारता? (मी म्हटलं, दोन्हीची मजुरी वेगळी पडेल.) पण भुशाचं मला काही वाटत नाही, तो झाडला की जातो. जिना झाडून जात नाही. सासूबाईंची कंबर धरली त्या वर्षापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. जिना उभा, अरुंद, वळणावर कठडा नाही. खुर्चीत बसवून उचलायचं म्हटलं तर वळणावर खुर्ची अडकते. एकदा वखारीतल्या दोघांनी जोर करून पाहिला, तर सासूबाई वळणावर अडकून बसल्या, ना वर ना खाली, आणि तेवढ्यात आलेला पोस्टमन आमची पत्रं त्यांच्या मांडीवर ठेवून निघून गेला. तेव्हापासून त्या म्हणतात, आता मला एकदाच उतरवा, आडवी. हे त्या हसत म्हणतात. मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. दिवसभर जिन्याच्या तोंडाशी बसून खाली रस्त्याचा जो हातभर तुकडा दिसतो तेवढा बघतात आणि कोण गेलं ते पायांवरून ओळखतात. तोंडं विसरल्यात माणसांची. परवा माझी मैत्रीण वर आली तर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि मग खाली बघून म्हणाल्या, तू होय! टाच बरी झाली का गं?

अशात ते घर दिसलं. मी घर बघायला गेलेच नव्हते. एका मास्तरीणबाईंनी घर विकायला काढलंय (नोकरी संपली, आता लेकीकडे जाऊन राहणार), आणि गिऱ्हाइकापुढे घर जरा नटलेलं बरं म्हणून त्यांनी मला पडद्यांची मापं घ्यायला बोलावलं होतं. तळमजला, तीन खोल्या. दाराला एकच पायरी आणि ती इतकी बुटकी की मांजरसुद्धा तिला पायरी म्हणणार नाही. खिडकी मोठी. तिथे उभी राहून मी दिवा न लावता सुईत दोरा ओवून पाहिला, पहिल्या झटक्यात गेला. पडद्याचं माप घेता घेता मी घराचं माप घेऊन आले ताई. दाराची रुंदी सगळ्यात आधी घेतली. खुर्ची जाते. सासूबाईंसकट जाते. समोर मोठा रस्ता, त्यावरून अख्खी माणसं जातात, डोक्यापासून पायापर्यंत. किमतीचंही जमत होतं. हे नीट वाच. आयुष्यात पहिल्यांदा आमची अडचण पैशाची नव्हती. म्हणून मग आम्ही दुसरी शोधून आणली.

यांना घर दाखवलं. हे सगळीकडे फिरले, नळ सोडून पाहिले, भिंतीला कान लावून उभे राहिले (घड्याळजी माणूस, भिंतही टिकटिक करत असेल असं वाटतं), आणि म्हणाले, चांगलं आहे. लग्नाला एवढी वर्षं झाली, यांनी अजून मला चांगलं म्हटलेलं नाही. तेव्हा मी समजले की घर झालं. येताना रस्त्यात मी मशीन कुठे ठेवायची, सासूबाईंची खाट कुठे, हे मांडत होते, तर हे म्हणाले, एकदा विचारून पाहू. म्हटलं, आता कुणाला विचारायचं राहिलं? तर यांनी मान वर केली. वर विजेच्या तारा होत्या. मला वाटलं वायरमनला विचारायचंय.

आता इथे भाऊजींचा विषय निघतो. हे त्यांना वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, मला काय. हे खूळ त्यांनीच लावलंय. आठवतं ना, तुम्ही आला होतात तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची किल्ली हरवली होती? भाऊजींनी कागदावर चौकटी काढल्या, त्यात ग्रह बसवले आणि सांगितलं, वस्तू पूर्वेला, पाण्याजवळ आहे. आणि किल्ली माठाखाली सापडली. अगं, माठाखाली मीच ठेवली होती! माठ डुगडुगत होता म्हणून. मी तेव्हाच ओरडून सांगितलं. पण बायकोने सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहतंय, ग्रहाने सांगितलेलं राहतं. तेव्हापासून आमच्याकडे काही हरवलं, बिघडलं, उशीर झाला की हे प्रश्नकुंडली प्रश्नकुंडली करतात. मला आधी वाटलं जन्मपत्रिकाच ती. तर नाही. जन्मपत्रिका माणसाची आणि ही प्रश्नाची. प्रश्न ज्या घटकेला विचारला त्या घटकेला आभाळात कोण कुठे बसलं होतं ते बघायचं आणि त्यावरून उत्तर काढायचं. म्हणजे माझ्या जन्माची वेळ आईने कधी कुठे टिपून ठेवली नाही, पण आमच्या घराच्या प्रश्नाची वेळ मात्र पळाला पळ धरून हवी. आणि प्रश्न कसा हवा? तर खरा हवा, तळमळून विचारलेला हवा आणि एकदाच विचारलेला हवा. दुसऱ्यांदा विचारला की ग्रह उत्तर देत नाहीत. (या बाबतीत ते यांच्यासारखेच आहेत.)

तळमळ यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना आली. तोंडात फेस, हातात ब्रश, आणि हे वेळ बघायला धावले. आता घड्याळजीच्या घरात वेळ बघायची म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. आमच्या भिंतींवर गिऱ्हाइकांची घड्याळं टांगलेली असतात, दुरुस्तीनंतर नीट चालतायत की नाही ते बघायला. एक पुढे पळतं, एक मागे रेंगाळतं, एक दुपारपर्यंत शहाण्यासारखं चालतं आणि मग रुसतं. जगात कुणालाही खरी वेळ विचारा, तो सांगेल. घड्याळजीला विचारू नका. हे या भिंतीवरून त्या भिंतीवर धावत राहिले, मी म्हटलं खालच्या वखारवाल्याला विचारा, तर म्हणाले, त्याचं घड्याळ मीच दुरुस्त केलंय, त्यावर भरवसा नाही. फोन लावून वेळ विचारा म्हटलं, तर म्हणाले, ती कंपनीची वेळ. एवढ्यात तोंडातला फेस वाळला आणि हे मटकन खाली बसून म्हणाले, गेली. मला वाटलं सासूबाईच गेल्या. मी धावले. त्या जिन्याशी बसून मला म्हणाल्या, काय गं, कुणाचे पाय लागले?

मग ठरलं की ज्योतिष्याकडेच जायचं, त्याच्यासमोर बसून विचारायचं, म्हणजे वेळ त्याची, जबाबदारीही त्याची. बाजारात कुलूपवाल्याच्या वर बसतो तो. खोलीत एक बाक, एक टेबल, टेबलावर काच, काचेखाली स्वतःचाच तरुणपणचा फोटो, आणि डोक्यावर भिंतीला मोठं लंबकाचं घड्याळ. माणूस वाईट नाही. पातळ आवाज, सारखं नाक पुसणं. आम्ही बाकावर बसलो तेव्हा पुढे एक बाई बसली होती, तिला म्हैस विकायची का ते विचारायचं होतं. तिला दोन शब्दांत उत्तर मिळालं. मला जरा धीर आला. आमचा नंबर आला. मी यांच्याकडून रात्रभर घोकून घेतलं होतं की एकच वाक्य बोलायचं, ते घर घ्यावं का. हे टेबलासमोर बसले, तोंड उघडलं, वेळ नीट टिपली जातेय ना ते बघायला मान वर केली आणि तिथेच अडकले. ज्योतिषीबुवा, म्हणाले, तुमचा लंबक घासतोय. तो म्हणाला, असू दे, तुम्ही प्रश्न विचारा. हे म्हणाले, असू दे कसं, घासतोय म्हणजे मागे पडत असणार, म्हणजे आजपर्यंत तुम्ही सांगितलेलं सगळंच मागे पडलेलं असणार. तो बिचारा पांढरा पडला. आणि मग मी नको नको म्हणेपर्यंत हे टेबलावर चढले, घड्याळ काढलं, खिशातून पेचकस काढला (हे लग्नातही खिशात पेचकस घेऊन उभे होते), आणि त्या काचेवर, त्याच्या तरुणपणच्या फोटोवर, घड्याळाची आतडी काढून मांडली.

बाकावर तोवर चारपाच माणसं जमली होती, सगळ्यांना काही ना काही विचारायचं होतं. हे चाकं पुसत होते. माझ्याकडे एका वकिलाचा कोट संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटून म्हटलं, घर घ्यायचं का नाही ते एकदा सांगा आणि मोकळे करा आम्हाला!

ज्योतिष्याने नाक पुसलं आणि म्हणाला, विचारला.

कुणी, हे म्हणाले.

बाईंनी. प्रश्न बाईंचा झाला. असा तळमळीचा प्रश्न माझ्याकडे महिन्यात आला नव्हता.

हे टेबलावरच्या चाकांकडे बघत म्हणाले, पण वेळ? वेळ काय झाली होती? वेळ यांच्या हातात होती, तुकडे तुकडे. तर ज्योतिषी म्हणाला, हरकत नाही, वेळेशिवायही एक रीत आहे. बाई, एकपासून दोनशे एकोणपन्नासपर्यंत मनात पहिला येईल तो आकडा सांगा, त्या आकड्यावरून मी लग्न धरतो. (लग्न म्हणजे आपलं नाही, कुंडलीतलं पहिलं घर. तेही मला तिथेच कळलं.) आणि ताई, तूच सांग, सकाळपासून माझ्या मनात काय होतं? वकिलाचा कोट. वकिलाची छाती. मी म्हटलं, बेचाळीस.

त्याने पंचांग उघडलं, बोटं मोजली, चौकट काढली आणि चेहरा पाडला. मिथुन लग्न, म्हणाला, आणि तेही अगदी कोवळं, आत्ताच उंबऱ्यात पाय ठेवलेलं. प्रश्न कच्चा आहे. शिवाय चौथं घर म्हणजे वास्तूचं, त्याच्यावर शनीची नजर. हे घर घेऊ नये. घेतलं तर वाद.

मी म्हटलं, अहो, थांबा, तो आकडा माझा नव्हेच, तो वकिलांचा आहे! कोटाचं माप आहे ते! आणि खरं म्हणजे बेचाळीसही नाही, तो माणूस माप देताना पोट आणि छाती दोन्ही आत ओढून उभा होता, सोडलं की चव्वेचाळीस. बाकावरची माणसं हसली. ज्योतिषी हसला नाही. म्हणाला, मनात पहिलं आलं ते आलं, ते उगाच येत नाही. आणि हे, माझा नवरा, माझ्या जन्माचा सोबती, हातात लंबक धरून सगळ्यांसमोर म्हणाले, अगं, वकिलाची छाती तू आपल्या घरात कशाला आणलीस?

ताई, याला उत्तर तूच दे.

त्यानंतर घरात सुतक आल्यासारखं झालं. हे जेवत नाहीत, म्हणजे जेवतात, पण सुस्कारे टाकत. कोट मी नेऊन दिला, वकिलांना काखेत घट्ट झाला, ते माझ्यावर ओरडले, मीही त्यांच्यावर ओरडले की तुमच्या छातीपायी माझं घर गेलं, आणि ते दार लावून आत गेले. (आता ते गिऱ्हाईकही गेलं.) मी यांना म्हटलं, सोडा तो नाद, सही करून मोकळे होऊ. पण सही दोघांची लागते आणि यांचा हात कागदापर्यंत जात नाही. मग यांनी ग्रंथात कुठेसं वाचलं की परिस्थिती बदलली तर प्रश्न नवा धरतात, पुन्हा विचारता येतो. मला वाटलं हे आता शहाणपणाने काही करतील. तर हे मास्तरीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, तुमच्या दाराचा रंग बदलता का? निळा आहे तो हिरवा केलात तर घर वेगळं धरता येईल. मास्तरीणबाईंनी चष्म्यावरून यांच्याकडे बघितलं. म्हणाल्या, मला घर विकायचंय, रंगवायचं नाही. आणि येत्या रविवारी मी कागद करणार. तुम्ही आलात तर तुमच्याशी, नाहीतर गॅरेजवाला तयार आहे.

गॅरेजवाल्याला ते घर कशाला हवंय माहितीये? टायर ठेवायला. त्या खिडकीपुढे टायरांची थप्पी लागणार. मी ओवलेला तो दोरा मला दोन दिवस डोळ्यांपुढे दिसत होता.

आता पुढचं ऐक. ज्योतिष्याचं घड्याळ यांनी घरी आणलं होतं, लंबक बसवायला. घड्याळ नाही म्हणून त्या माणसाचा धंदा बसला (सगळ्यांकडून आकडे मागून किती दिवस चालणार), म्हणून तो काल स्वतःच ते न्यायला आला. जिना चढून आला. वर पोचला तेव्हा त्याला बोलता येईना. भिंत धरून उभा, नाकातोंडात भुसा, खाली करवत चालू, ताटल्या नाचतायत. मी पाणी दिलं. तो पायरीवरच टेकला, सासूबाईंच्या शेजारी. सासूबाईंनी त्याचे पाय बघितले, चप्पल बघितली, म्हणाल्या, तुम्हीच का ते? मग माझा एक प्रश्न घ्या.

आम्ही दोघंही दचकलो. या घरात सासूबाईंनी कधी काही विचारलेलं नाही. माझ्याकडून पाणी मागायचं तर त्या नुसत्या भांड्याकडे बघतात. तो म्हणाला, आजी, आयुष्याचं मी सांगत नाही, तो आमचा नियम आहे. त्या म्हणाल्या, आयुष्याचं कोण विचारतंय? मी उतरण्याचं विचारतेय. मी पायांनी हा जिना उतरणार का एकदा, एवढंच सांगा.

मी पदराने तोंड पुसायचं निमित्त करून आत गेले. पण दोन खोल्यांत आत जाऊन जाऊन जाणार कुठे, ऐकू येतंच. ज्योतिष्याने आकडा मागितला. सासूबाईंनी विचारलं, शेवटचा कुठला असतो? तो म्हणाला, दोनशे एकोणपन्नास. मग तोच धरा, म्हणाल्या, मला मधलं काही नको. त्याने मांडीवरच चौकट काढली. मग म्हणाला, आजी, हा राशीचक्राचा अगदी शेवटचा कोपरा आहे. असं लग्न आलं की आम्ही म्हणतो, प्रश्न विचारायला उशीर झाला, गोष्ट आधीच ठरून गेलेली आहे. यांनी विचारलं, पण काय ठरलंय? तो म्हणाला, ते यातून दिसत नाही. ठरलंय एवढंच दिसतंय. आणि घड्याळ काखेत मारून तो बसून बसून, एकेक पायरी करत खाली गेला. वळणावर घड्याळ अडकलं. ते बराच वेळ टोले देत होतं.

मी म्हणते, ठरलंय म्हणजे घर घ्यायचं ठरलंय. हे म्हणतात, ठरलंय म्हणजे आई वरूनच जायची ठरलंय. आम्ही दोघं काल रात्रभर पाठीला पाठ लावून पडलो. सासूबाई कुणाचीच बाजू घेत नाहीत. त्या आपल्या खुशीत आहेत, म्हणतात, ठरलंय ना, मग झालं तर.

तर असं आहे सगळं. बाकी ठीक. हवा बरी आहे. मशीनचा पट्टा सैल झालाय. तुझ्या गुडघ्याला शेक देत जा. भाऊजींना माझा नमस्कार सांग, रागावून लिहिलंय ते सोडून बाकीचा.

तुझी धाकटी

ता. क. आता काम सांगते. मापांचं काही नाही, तू समजलीच असशील. भाऊजींना म्हणावं, शनिवारी संध्याकाळी यांना फोन करा आणि सांगा की मी इकडे तुमच्या घराचा प्रश्न मांडला होता, उत्तम आलाय, रविवारी सही करून टाका. प्रश्न कुणी विचारला म्हणतील तर तुझं नाव सांगावं, थोरल्या बहिणीची तळमळ कुणी नाकारत नाही. बोलता बोलता दोनतीनदा गुरू म्हणावं. गुरू ऐकला की हे गप्प होतात. आणि खोकला आला तर येऊ द्यावा, खरं वाटेल. खोटं बोलायला लावतेय म्हणून भाऊजी कुरकुरले तर त्यांना माठाखालच्या किल्लीची आठवण दे आणि म्हणावं, एवढं देणं लागता तुम्ही आमच्या घराचं.

ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता पुन्हा उघडलंय. आत्ता सासूबाईंनी चपला मागितल्या. फळीवर अगदी मागे होत्या, कागदात गुंडाळलेल्या. पट्टा वाळून तुटला होता. म्हणाल्या, शिवून दे. मी जाड सुई घेऊन शिवला. आता त्या पायात घालून बसल्यात. काढत नाहीत. म्हटलं, झोपताना तरी काढाल ना, तर म्हणाल्या, ऐनवेळी तुम्ही शोधत बसाल. ताई, शनिवारी म्हणजे शनिवारीच. रविवारी सकाळी नको.

ता. क. आणि एक. भाऊजींना मी ओळखते. फोन करायच्या आधी ते कागद घेऊन कोपऱ्यात बसतील आणि खरंच मांडून बघतील, तू कितीही नको म्हटलंस तरी. बघू देत. हो आलं तर तेवढं मला वेगळं कळव, एका ओळीचं कार्ड पुरे, कुणाला दाखवणार नाही. नाही आलं तर ते त्यांनी आपल्यापाशीच ठेवावं, तुलाही सांगू नये. आणि फोन करावा.